दहा सेंटिमीटरची पट्टी

आमच्या घरी वरच्या मजल्यावर मिलीमीटर राहतात. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येतं. बाकी सगळ्या गल्लीला ते मिलीमीटर म्हणूनच ठाऊक आहेत. मी त्यांना भावजी म्हणते. रागावले की मीही मिलीमीटर म्हणते, आणि मी बऱ्यापैकी रागावते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. त्यातून शांत स्वभाव घेऊन कुणी बाहेर पडत असेल, तर त्याने नीट शिकवलं नसणार.

हे नाव त्यांना उगाच पडलेलं नाही. साधं कॅलेंडर टांगायचं असलं तरी ते आधी बुडबुड्याची पाणसळ शोधतात. माझ्याकडे पाहुणे आले की बोलता बोलता त्यांची नजर पाहुण्यांच्या डोक्यावरून मागे जाते आणि ते एकदम म्हणतात, "ताई, तुमची ती तसबीर डावीकडे तीन मिलीमीटर उतरली आहे." पाहुणे दचकून पुढे सरकून बसतात. भावजींच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि नवरदेव एकटे कॅमेऱ्याच्या तिपाईकडे, कारण ती म्हणे एका बाजूला कलली होती. फोटो तिरका आला आहे हे मात्र मान्य करावं लागतं.

बावीस वर्षं ते एका काचेच्या दुकानात कामाला होते. पुढे आरसे, मागे वखार, असं ते दुकान. घरांच्या खिडक्या, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाणीघरातले आडोसे, सगळं बसवून द्यायचं. मापं घ्यायची भावजींनी, काच उचलायची भावजींनी, बसवायची भावजींनी, आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की म्हणायचं, "मालकांना विचारून सांगतो." दर काय? मालकांना विचारून सांगतो. मंगळवारी याल का? मालकांना विचारून सांगतो. हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं घट्ट बसलं की एका रविवारी, बहिणीने "उकडतंय, खिडकी उघडू का?" असं विचारलं, तेव्हा भावजी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "मालकांना विचारून सांगतो."

बहीण हसून हसून खालीच बसली. मी जिन्यात होते, मला तिथे ऐकू आलं आणि माझ्या हातातली बादली हिंदकळली. भावजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची कडेला कड जुळवून घडी घातली आणि ते गच्चीवर निघून गेले. तासाभराने खाली आले ते ठरवूनच. नोकरी सोडायची. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःचा काचा बसवण्याचा ठेका सुरू करायचा.

मालक वाईट नव्हते. वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं, भांडून बाहेर पडता आलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तीन महिने तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. जमलं तर आनंद आहे. नाही जमलं तर त्याच्या आत परत ये, मी एका शब्दाने विचारणार नाही."

ही माया भावजींच्या जिव्हारी लागली. ती रिकामी खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. जेवताना मध्येच म्हणायचे, "आज नव्वदातले सहा गेले." माझी बहीण पोस्टात खिडकीवर काम करते. तिथे दिवसभर माणसं अंगावर येत असल्यामुळे तिला कशाचीच घाई नसते. ती म्हणाली, "तीन महिने माझा पगार आहे. चौथ्या महिन्याचं चौथ्या महिन्यात बघू." आणि तिने आणखी भात वाढला.

उद्योगाची राजधानी म्हणजे माझं जेवणाचं टेबल. वरचं टेबल लहान पडतं, शिवाय त्याचा एक पाय दोन मिलीमीटर आखूड आहे. मी निवृत्त, अक्षर चांगलं, आकडेमोडीत हात धरणारं कुणी नाही, म्हणून लेखनाचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणते खरी, पण मी मान पुढे करूनच बसले होते. सकाळी उठून जावं असं कुठेच काही नसणं फार वाईट असतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

आम्ही यादी केली. काचेला चिकटणारे रबरी कप दोन जोड. भोकं पाडायचं यंत्र. सिलिकॉनची बंदूक. शिडी. काचा तिरक्या उभ्या करायची लाकडी घोडी आणि ती घोडी बसेल असा जुना टेम्पो. मग परवाना, मग अपघाताचा विमा. विम्याच्या कचेरीतल्या माणसाने विचारलं, तुमच्या कामात धोका काय? भावजींनी प्रामाणिकपणे सगळे धोके सांगितले. पाऊण तास लागला. त्या माणसाने शेवटी स्वतःच्या मागच्या खिडकीपासून खुर्ची जरा लांब सरकवून घेतली.

नावाच्या कार्डावर आठ दिवस गेले. छापखान्यातून नमुना आला की भावजी पट्टी लावायचे आणि डावा समास उजव्यापेक्षा जास्त निघायचा. चौथ्या वेळी छापखानेवाल्याने हात जोडले आणि आपली पट्टीच भावजींपुढे ठेवली की साहेब, तुम्हीच छापा.

पण खरं घोडं अडलं ते बोलण्यावर. मी गिऱ्हाईक व्हायचं आणि त्यांनी ठेकेदार, अशी आमची रोज संध्याकाळी तालीम चालायची. मी विचारायची, या खिडकीचे किती होतील? भावजी तोंड उघडायचे, "मा..." इथवर यायचे आणि थांबायचे. मी म्हणायची, मालक कोण? ते खाली बघून म्हणायचे, "मी." चोरी कबूल केल्यासारखे. मग मी त्यांना पाढे म्हणवून घेतात तसं म्हणवून घ्यायची. मालक कोण? मी. मोठ्याने. मी. पहिल्या मजल्यावर ऐकू जाऊ दे. वरून बहीण ओरडायची, "आलं ऐकू, आता जेवायला या."

पहिल्या दोन महिन्यांत कामं आली नाहीत असं नाही. आलेली कामं भावजींनी परतवून लावली. एका आजीबाईंना सगळ्या खिडक्यांच्या काचा बदलून हव्या होत्या, कारण वाऱ्याने त्या शीळ घालायच्या. भावजींनी बघितलं तर काचा ठणठणीत, नुसतं कडेचं रबर गेलेलं. दहा मिनिटांत रबर लावलं, चहा घेतला आणि घरी आले. एका न्हाव्याला अख्ख्या भिंतीभर आरसा हवा होता. त्याला सांगितलं, भिंतीला ओल आहे, वर्षात आरसा काळा पडेल, आधी भिंत वाळवा. न्हाव्याने दुसरीकडून आरसा बसवून घेतला. त्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही काचा बसवायचा ठेका घेता की लोकांना काचा न घेण्याचा सल्ला देता? भावजी म्हणाले, भिंतीला ओल होती, ताई. या माणसापुढे मी हात टेकले.

हाती लागली ती बारीकसारीक कामं. चेंडूने फुटलेली एक खिडकी, एका कपाटाची दारं, एका न्हाणीघराचा आडोसा. नव्वदातले चौसष्ट दिवस गेले तेव्हा भावजींनी जुन्या दुकानावरून जाताना मान वळवून आत बघितलं. खुर्ची रिकामीच होती. घरी येऊन त्यांनी त्या दिवशीचा आकडा सांगितला नाही, म्हणून आम्हाला कळलं.

आणि मग डॉक्टरबाई आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, नवा दवाखाना काढत होत्या. त्यांना भावजींचं नाव त्या रबरवाल्या आजीबाईंनी सांगितलं होतं. दवाखान्याच्या वाट बघायच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने भिंत नको होती, काच हवी होती. त्या म्हणाल्या, मुलं वाट बघताना रडतात कारण समोर भिंत असते. त्यांना रस्ता दिसू दे. अगदी जमिनीपासून काच पाहिजे, रांगणाऱ्या मुलालासुद्धा बाहेरचा कुत्रा दिसला पाहिजे. दार वेगळं होतं, ते सुताराकडे. आमच्याकडे चार मोठ्या काचा, खांबापासून खांबापर्यंत, फरशीपासून वरच्या तुळईपर्यंत. उद्घाटनाची तारीख छापून झालेली होती. दर त्यांनी विचारला आणि भावजींनी सांगितला, स्वतःच्या तोंडाने, एका दमात. मी मागे उभी होते. माझा एखादा ढ विद्यार्थी बोर्डात आला असता तर मला एवढा आनंद झाला नसता.

आता मापाचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

भावजींच्या खिशात एक लाकडी गुटका असतो. बरोबर दहा सेंटिमीटर उंचीचा. नव्या बांधकामात फरशीच्या कडेला सिमेंटचे खडे चिकटलेले असतात. तिथे टेपचं टोक नीट टेकत नाही, वाकतं. म्हणून भावजी फरशी खरवडून आधी गुटका ठेवतात, टेपचं टोक गुटक्यावर टेकवतात आणि वर तुळईपर्यंत माप घेतात. आलेल्या आकड्यात दहा मिळवले की खरी उंची. ही त्यांची स्वतःची युक्ती, आणि तिचा त्यांना फार अभिमान. घरी त्यांनी मला शिकवलं तेव्हा माझ्याच दाराचं माप घेत मोठ्याने म्हणाले होते, "एकशे ब्याण्णव, अधिक दहा, दोनशे दोन. लिहा." मी लिहिलं. असं पाच-सहा दारांवर झालं.

दवाखान्यात डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या. भावजींनी गुटका ठेवला, टेप वर नेली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दोनशे पन्नास. लिहा." मला वाटलं, गिऱ्हाइकापुढे अधिक-उणे कशाला, म्हणून त्यांनी मनातल्या मनात दहा मिळवले. मी दोनशे पन्नास लिहिले. भावजींना वाटलं, ताईंना आता शिकवून झालंय, त्या गणिताच्या बाई, त्यांना काय सांगायचं? पुढचं माप. पाच ठिकाणी मापं घेतली, पाचही वेळा हेच.

कानाला खडा लावून घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. भावजींचा नियम असा की दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन सगळी मापं नव्याने घ्यायची आणि पहिल्या दिवसाशी ताडून बघायची. आम्ही गेलो. त्यांनी पुन्हा गुटका ठेवला, मी पुन्हा लिहिलं. ताडून बघितलं तर दोन्ही दिवसांची मापं तंतोतंत जुळली, एका मिलीमीटरचा फरक नाही. आम्ही इतके खूष झालो की येताना भजी घेऊन आलो.

भावजींनी तो कागद पुन्हा बघितला का नाही, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. अहो, दुकानात लिहायचे मालक. भावजी नुसतं माप पुकारायचे आणि विसरून जायचे. लक्षात ठेवायचं, मिळवायचं, तपासायचं काम मालकांचं. बावीस वर्षांची सवय. त्यात कागदावर माझं अक्षर. माझं अक्षर बघून आजवर कुणाला तपासावंसं वाटलेलं नाही, हा माझा दोष.

या काचा टफन करून घ्याव्या लागतात. म्हणजे आधी मापाला कापायच्या आणि मग भट्टीत तापवून एकदम गार करायच्या. त्यानंतर त्या इतक्या कडक होतात की मुलाने खेळणं आपटलं तरी काही होत नाही. पण मग त्यांना कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर सगळ्या काचेचा एका क्षणात चुरा. तेव्हा कारखान्याकडे आकडा गेला की गेला.

उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना काचा आल्या. आठवडाभराने नव्वद दिवस पुरे होणार होते. भावजींनी वखारीतले ओळखीचे दोन दांडगे हमाल बोलावले होते. पहिली काच कप लावून उचलली, हळूहळू उभी केली, खालच्या खाचेत सोडली. अगदी लोण्यासारखी उतरली. रुंदीला गुटका लागत नाही, त्यामुळे रुंदी बिनचूक होती. भावजी हसले. मग त्यांनी वर बघितलं.

वर काच आणि तुळई यांच्यामध्ये चांगला पंजाभर वारा खेळत होता.

 एका हमालाने विचारलं, वर अजून काच येणार आहे का? भावजींनी खिशातून गुटका काढला, शिडीवर चढले आणि त्या फटीत सरकवला. तो इतका नेमका बसला की मी तेव्हाही मनात म्हटलं, माप घ्यावं तर या माणसाने.

मग आम्ही पायरीवर बसून भांडलो. डॉक्टरबाई संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या, त्यामुळे भरपूर वेळ होता. मी म्हटलं, तुम्ही अधिक दहा म्हणाला नाहीत. ते म्हणाले, तुम्ही मिळवले नाहीत. मी म्हटलं, घरी तुम्ही म्हणत होता. ते म्हणाले, ते शिकवायला म्हणत होतो. मी म्हटलं, दुसरीतलं पोरसुद्धा विचारल्याशिवाय मिळवत नाही. ते म्हणाले, मग विचारायचं होतं. तेव्हा मी त्यांना मिलीमीटर म्हटलं आणि आणखी बरंच काही म्हटलं. एकतीस वर्षांत माझी बेरीज चुकलेली नाही, हे तीन वेळा सांगितलं. त्या माणसाचा पहिला मोठा ठेका समोर आडवा झाला होता आणि मी माझ्या बेरजेची अब्रू सांभाळत होते. आठवलं की अजून लाज वाटते.

नव्या काचा करून घ्यायला पंधरा दिवस लागले असते. उद्घाटन चार दिवसांवर. डॉक्टरबाईंनी काम नाकारलं असतं तर गोष्ट गावभर झाली असती, आणि भावजींना आठवडाभराने त्या खुर्चीत जाऊन बसण्यावाचून दुसरा मार्ग उरला नसता.

राग ओसरल्यावर माझं डोकं चालायला लागलं. मी म्हटलं, यात आहे काय? वर दहा सेंटिमीटरची लाकडी पट्टी ठोका, दाराच्याच लाकडाची. बाईंना खालची काच महत्त्वाची, मुलांना कुत्रा दिसला की झालं. वर कोण बघतंय? पट्टी असतेच अशी, असं म्हणायचं. म्हणायचंसुद्धा नाही. त्यांना कळणारही नाही.

भावजी म्हणाले, "पट्टी चांगली दिसेल. मलाही तेच सुचलं."

मला हायसं वाटलं. मी उठले.

"पण आधी सांगतो त्यांना," ते म्हणाले.

मी परत बसले. पुष्कळ समजावलं. म्हटलं, त्या चिडल्या आणि नको म्हणाल्या तर? पट्टी लावून झाल्यावर सांगा. निदान उद्घाटन झाल्यावर सांगा. ते मान हलवत राहिले. इतका मऊ माणूस, पण एकदा मान हलवायला लागला की बैल परवडला.

डॉक्टरबाई आल्या त्या थकून आल्या होत्या. भावजी उभे राहिले आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, "मा..." येतंय का म्हणून. नाही आलं. त्यांनी काय झालं ते सरळ सांगितलं, चारही काचा दहा सेंटिमीटरने कमी आल्या आहेत, पुन्हा करून द्यायला पंधरा दिवस लागतील, किंवा वर पट्टी लावता येईल, तुम्ही म्हणाल ते करतो. आणि म्हणाले, "माप मी घेतलं. चूक माझी आहे. लिहिणाऱ्याची नाही."

इथे मला बोलायला हवं होतं. चूक दोघांची होती. मी मात्र मापांच्या कागदाची घडी घालत राहिले, आणि त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

डॉक्टरबाई काही देवमाणूस नाहीत, त्या चिडल्या. चांगल्या पाच मिनिटं बोलल्या. पाहुणे बोलावलेत, लोक हसतील, दोन-दोन दिवस मापं काय घेत होता तुम्ही? हा प्रश्न तर मलाच लागला. मग त्या एकदम थांबल्या आणि, मी खोटं सांगत नाही, चांगल्या साडीनिशी त्या धुळीत काचेसमोर फतकल मारून बसल्या. आणखी वाकून बघितलं. बाहेर एक सायकलवाला जात होता, त्याची दोन्ही चाकं दिसत होती.

"इथून सगळं दिसतं," त्या म्हणाल्या. "ठोका पट्टी. पण एक सांगा, मला तर कळलंही नसतं. मग सांगितलंत कशाला?"

भावजी म्हणाले, "उद्या तुम्ही कुणाला माझं नाव सांगाल. तेव्हा हे माहीत असून सांगा."

डॉक्टरबाईंनी साडी झटकली, पट्टी सागवानाची पाहिजे असं बजावलं आणि आत निघून गेल्या. आम्ही पायऱ्या उतरलो. मी भावजींना धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही मला धरलं होतं.

पट्टी सागवानाची लागली. चार काचांवरून सलग, पाणसळ लावून. उद्घाटनाला आलेल्या एकालाही वर बघायचं सुचलं नाही. सगळे काचेला हात लावून बघत होते, आणि मुलं नाकं.

दोन दिवसांनी, नव्वदातला एक दिवस बाकी असताना, भावजी सिलिकॉन वाळलं का ते बघायला गेले. माझं तिथे काही काम नव्हतं, मी मिरवायला गेले होते. आम्ही बाहेरच्या बाजूला उभे होतो आणि रस्त्याच्या पलीकडून मालक आले. हात पाठीमागे बांधलेले. माझ्याकडे बघून मान हलवली, भावजींकडे बघितलं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. सांध्यावरून बोट फिरवलं. वाकून खालची खाच बघितली. आणि मग, आजवर कुणीही केलं नव्हतं ते केलं, मान वर करून पट्टीकडे बघत उभे राहिले.

"गुटका राहिला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बाईंना माहीत आहे?"

"पट्टी ठोकायच्या आधी सांगितलं."

मालकांनी हात पुन्हा पाठीमागे बांधले. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, ये परत. आणि हे सज्जन हो म्हणतील.

"या शहरात माझ्या अशा सहा पट्ट्या आहेत," मालक म्हणाले. "एकाही घरात मी सांगितलेलं नाही. दोन ठिकाणी तर नक्षीची पट्टी म्हणून वेगळं बिल लावलं."

भावजी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या सहाही पट्ट्या त्यांनीच ठोकल्या असणार, कशासाठी ते माहीत नसताना.

"तुझ्या खुर्चीवर उद्यापासून दुसरा माणूस घेतो," मालक म्हणाले. "आता परत येऊ नकोस."

"नाही येणार," भावजी म्हणाले.

मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि ते आले तसे रस्ता ओलांडून गेले. भावजींनी चष्मा काढला आणि रुमाल शोधायला लागले, आणि त्यांना तो सापडेना. मी माझा पदर पुढे करून म्हटलं, भावजी, चूक माझीही होती, मला त्या दिवशी बोलायचं होतं. ते म्हणाले, माहीत आहे, ताई. मग मलाही आवरेना. भर सकाळी, रस्त्यावर, दोन मोठी माणसं दवाखान्यासमोर रडत उभी, आणि आतून सगळं स्वच्छ दिसत असल्यामुळे डॉक्टरबाईंनी आमच्यासाठी पाण्याचे दोन पेले बाहेर पाठवून दिले.